भिंतीवरचे वाघ आणि वहीतले वाघ

मेसर्स व्हॅन इंजेन अँड व्हॅन इंजेन,
मुक्काम म्हैसूर



कारखाना १९९९ सालीच बंद झाला. भावांपैकी शेवटचे जुबर्ट शंभरी ओलांडून २०१३ मध्ये वारले. तेव्हा हे पत्र घ्यायला दारात कुणी येणार नाही, हे धरूनच लिहितो आहे. पण तुमचा माल अजून जागच्या जागी आहे. विलायतेतल्या जुन्या घरांच्या जिन्यात, आपल्याकडच्या राजवाड्यांच्या दिवाणखान्यांत, निवृत्त साहेबांच्या नातवंडांच्या माळ्यावर. माल टिकून आहे तोवर पेढीला पत्र लिहायला हरकत नसावी.

पत्र अनावृत आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी तुमची ओळख करून देतो. यूजीन व्हॅन इंजेन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी तोंडाशी म्हैसुरात टॅक्सिडर्मीचा धंदा मांडला. शिकाऱ्यांनी मारलेल्या जनावरांची कातडी कमवायची आणि त्यांतून पुन्हा जनावर उभं करायचं. आपण ज्याला पेंढा भरलेला वाघ म्हणतो, तो. घराणं मूळ डच. मुलांची नावं बोथा, डी वेट, जुबर्ट. दक्षिण आफ्रिकेत ज्या बोअर पुढाऱ्यांनी इंग्रजांच्या नाकी नऊ आणले, त्यांची ही नावं. ती पोरांना ठेवायची आणि त्याच पोरांनी पुढं जन्मभर इंग्रज साहेबांचे वाघ सजवून द्यायचे! हे तुमच्या घरात कुणाला गमतीचं वाटलं होतं की नाही, कुणास ठाऊक. मुलांनी पेढी अशी वाढवली की जगात एवढे वाघ-बिबटे दुसऱ्या कुठल्या कारखान्यातून बाहेर पडले नसतील. हा आकडा ४३,०००च्या वर सांगितला जातो. आज साऱ्या भारतातले वाघ मोजले तर साडेतीन हजारांच्या आसपास भरतात.

या आकड्यावर तुमच्या बाजूनं एक उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खोटं म्हणता येत नाही. आम्ही मारले नाहीत, मारून आणलेले घेतले. गोळी साहेबाची, रान राजाचं, हाकारे गावचे. आम्ही फक्त कारागीर.

पण तुमचं हे उत्तर मला अर्धंच पटतं. वाघाची शिकार बहुतेक एप्रिल-मेमध्ये व्हायची. पाणवठे आटलेले असतात, झाडोरा विरळ झालेला असतो, वाघ कुठं येणार ते हेरता येतं. त्याच उन्हात मेलेला वाघ काही तासांत फुगायला लागतो. कातडं वेळेवर उतरवलं नाही, आतली चरबी खरवडली नाही, मीठ चोळलं नाही, तर मुळं सैल होऊन केस पुंजक्यांनी हातात येतात. म्हणजे दोन दिवसांत साहेबाच्या पराक्रमाचा नुसता घाण वास उरला असता. तो पराक्रम पुढची शंभर वर्षं भिंतीवर टांगता येईल अशी सोय मिठानं, तुरटीनं आणि तुमच्या हातांनी केली. शिकारीची मालमत्ता झाली ती तुमच्या कारखान्यात. आणि मालमत्ता होते म्हटल्यावर माणूस एकावर थांबत नाही, हे तुमच्या हिशेबाच्या वह्यांनी पाहिलंच असेल.

रानातलं हे पहिलं काम नीट व्हावं म्हणून तुम्ही शिकाऱ्यांसाठी पुस्तिकाही छापली होती. त्या कामातली अवघड जागा पोट किंवा पाठ नव्हेच. अवघड असतात ओठ, कान आणि पंजे. ओठ आतून चिरून दोन पदर वेगळे करावे लागतात, कान मोज्यासारखे उलटे करावे लागतात, बोटं शेवटच्या पेरापर्यंत सोडवावी लागतात. तिथं मीठ पोचलं नाही की आधी तिथंच सडतं. यात आणखी एक भानगड. रात्रीतून मिशा गायब व्हायच्या. नखं जायची. चरबी तर गाववाले हक्कानं मागून न्यायचे. वाघनख सोन्यात मढवून पोराच्या गळ्यात घालायची हौस आपल्याकडे घराघरांत होती, आणि ती नखं कुठल्या ना कुठल्या वाघाच्या पंजातूनच आली. साहेब भिंतीवर डोकं लावत होता, आपण गळ्यात नख घालत होतो. भुकेत फरक होता तो मापाचा. वाघाच्या खांद्यातली छोटी सुटी हाडं साहेब लोक नशिबाची म्हणून सोन्यात बसवून मडमेच्या ब्लाउजला लावत, तेव्हा तर मापाचाही फरक राहत नसे.

मीठ लावलेलं कातडं आणि उकळून साफ केलेली कवटी म्हैसुरात पोचली की तुमचं खरं कसब सुरू व्हायचं. कातडं कमवायचं, पातळ करायचं, मापं घ्यायची. कागदाच्या लगद्याचं पोकळ धड साच्यातून काढायचं, त्यावर कातडं चढवायचं, काचेचे डोळे बसवायचे, जीभ घडवायची, हिरड्या रंगवायच्या. दात मात्र त्याच वाघाचे. बसल्यावर वाघाच्या खांद्याचा उंचवटा कुठं येतो, चालताना पोटाची सैल कातडी कशी लोंबते, हे तुमच्या कारागिरांना जेवढं ठाऊक होतं तेवढं कित्येक शिकाऱ्यांनाही नसावं. एवढ्या पिढ्यांनंतरही तुमचे वाघ फाटके, वेडेबागडे दिसत नाहीत. दुसऱ्यांनी भरलेले जुने वाघ आपण संग्रहालयांत पाहिले आहेत, डोळे तिरळे आणि तोंड हसल्यासारखं. तुमच्या वाघापुढे हसू येत नाही. ही दाद मनापासून देतो.

आणि इथंच भांडण आहे. तुमच्या वाघांपैकी इतक्यांची तोंडं उघडी का?

चिडलेल्या वाघाच्या नाकाशेजारच्या सुरकुत्या, मागं पडलेले कान, वर ओढलेला ओठ, हे सगळं तुम्ही अचूक उतरवलंत. पण तो क्षण घडलाच कधी? यातला एखादा वाघ मचाणाखाली बांधलेल्या रेडकावर जेवायला आला होता आणि बॅटरीच्या उजेडात वर न बघताच पडला. एखादा हाक्यात गोंधळून, शेपूट खाली घालून निसटायची वाट शोधत होता. जखमी होऊन खरोखर अंगावर आलेले थोडे. तरी भिंतीवर पाहावं तर जो तो झेप घ्यायच्या बेतात! गिऱ्हाइकाला तोच वाघ हवा होता, कारण समोर असा वाघ असल्याशिवाय बंदूकवाला शूर ठरत नाही. तुम्ही वाघाचा चेहरा हुबेहूब केलात आणि प्रसंग बदलून दिलात. वाघाला बोलता येत असतं तर तो म्हणाला असता, अहो, मी जेवत होतो.

लांबीचंही तसंच. मेलेला वाघ नाकाशी आणि शेपटाशी खुंट्या ठोकून सरळ रेषेत मोजला तर एक माप येतं, अंगाच्या चढउतारांवरून फीत फिरवली तर काही इंच वाढतात. शिकाऱ्यांची बहुतेक भांडणं या इंचांवरून. त्यात ओलं कातडं ताणून वाळवलं की ते आणखी लांब होतं. बारा-बारा फुटी वाघांच्या कितीक कथा अशा खुंट्यांवर ताणून वाढलेल्या आहेत. तुमच्याकडं कवटी यायची आणि कवटी ताणता येत नाही. कोणता साहेब किती इंच फुगवतो हे तुम्हाला पहिल्या नजरेत कळत असणार. गप्प बसून बिल करत असाल. धंद्याची रीत आहे.

पण एकदा तुम्ही गप्प बसला नाहीत. तो प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९४८ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये तुमच्या पेढीच्या नावानं एक छोटं टिपण आलं. विषय, चित्ते. कोरियाच्या महाराजांनी, म्हणजे आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानच्या, रात्री गाडीतून जाताना तीन चित्ते मारले होते. तिन्ही नर, बहुधा एकाच वेताचे. हिंदुस्थानातला रानटी चित्ता संपला असं ज्या नोंदीच्या आधारानं सांगतात, ती ही नोंद. ती कुणा वनाधिकाऱ्यानं केली नाही, प्राणिशास्त्रज्ञानं केली नाही. ती शिकाऱ्यांची कातडी कमावणाऱ्या म्हैसूरच्या पेढीनं मुंबईला कळवली. जर्नलच्या संपादकांना तो मजकूर वाचून इतकी शिसारी आली की तो थेट केराच्या टोपलीत टाकावा असं आधी त्यांच्या मनात आलं, आणि तसं त्यांनी छापूनही टाकलं. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचं सरकारनं जाहीर केलं.

यात आपणही स्वच्छ नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरवायची मोठी हौस होती. त्यासाठी माणसाळवलेले चित्ते आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरनं आणि भावनगरनं ते आफ्रिकेतून मागवले. रानातला चित्ता संपत आल्याची याहून ढळढळीत खूण कोणती हवी होती? ती फारशी कुणी लिहून ठेवली नाही. म्हणून मला तुमच्या टिपणाचं मोल वाटतं. ते तुम्ही हळहळून लिहिलं असेल असं मी म्हणत नाही. तुमच्या दृष्टीनं ती एक ‘विशेष’ ट्रॉफी होती. पण तारीख, जागा, नर की मादी, किती, हे लिहायची तुमची सवय होती. गिऱ्हाइकाला जे विकलंत त्यात कल्पना होती, स्वतःसाठी जे लिहिलंत त्यात नव्हती.

आता माशांकडे येतो. तुमचे डी वेट नुसते गिऱ्हाइकांचं सामान सजवणारे नव्हते. गळ टाकून बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. १९४६ साली कबिनी नदीत त्यांच्या गळाला १२० पौंडांचा महसीर लागला, साधारण ५४ किलोंचा. नुसत्या गळानं पकडलेल्या महसीरात त्याहून मोठा कागदोपत्री नाही. एवढ्या माशाशी दोरी न तुटू देता तासन्‌तास झुंजणं, ही गोष्ट मचाणावरून गोळी घालण्यापेक्षा मला कितीतरी मानाची वाटते. मासे गळाला लावणाऱ्यांना यातलं कळेल, बाकीच्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा.

मासा भरून ठेवणं वाघापेक्षा अवघड. केस नसतात, त्यामुळे शिवण लपत नाही. परांच्या काड्या वाळून मोडतात. आणि रंग तर मासा मेल्याबरोबर उडायला लागतो. कातडं वाळेपर्यंत तो मातकट तपकिरी होतो. पेटीत ठेवलेल्या माशाचा सगळा रंग ब्रशनं दिलेला असतो. पाहणारा पाहतो ती रंगवणाऱ्याची आठवण. म्हणून अमेरिकेतले आजचे गळवाले एक शहाणपण करतात. मासा धरून लांबी आणि घेर मोजायचा, फोटो काढायचा, मासा परत पाण्यात सोडायचा आणि मापं नेऊन गावातल्या टॅक्सिडर्मिस्टकडे द्यायची. तो फायबरग्लासचा मासा बनवून त्या फोटोबरहुकूम रंगवतो. तसाही रंग माणसानंच द्यायचा होता, मग मासा मारायचा कशाला? तिथं तालुक्या-तालुक्याला असा कारागीर असतो. हरणाच्या मोसमात त्याच्याकडं मुंडकी घेऊन रांग लागते, आणि मान डावीकडं वळलेली हवी की उजवीकडं, तसा फोमचा तयार साचा तो कॅटलॉग पाहून मागवतो. तुम्ही घरचे साचे वापरणारे. तुम्हाला हे थोडं कमीपणाचं वाटलं असतं.

डी वेटना मिळालेला तो मासा कावेरीच्या खोऱ्यातला, उंच पाठीचा, नारिंगी परांचा. गंमत अशी की गळवाल्यांमध्ये जगभर नावाजलेल्या या माशाला शास्त्रातलं पक्कं नाव २०१८ पर्यंत नव्हतं. मग अभ्यासकांनी तो टॉर रेमादेवी असल्याचं दाखवलं. ते नाव आधी केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून दिलेलं होतं. पिल्लाला नाव होतं आणि त्याच जातीचा राक्षस बिननावाचा. तोपर्यंत तो समूळ नष्ट व्हायच्या बेतात आला होता. तो कसा कमी होत गेला हेही कळलं ते गळवाल्यांच्या नोंदींवरून. कावेरीकाठच्या मासेमारीच्या तळांवर मासा धरून सोडताना वजनं लिहून ठेवत, त्या वर्षानुवर्षांच्या वह्यांवरून.

या घटण्याच्या कहाणीत आमचं लोणावळं येतं. वळवणच्या धरणावर टाटांच्या वीज कंपनीनं महसीरची अंडी फळवायचं तंत्र बसवलं. महसीर वाचवायचा म्हणून केलेलं ते चांगलंच काम होतं. पण वाढवला तो इथला, निळसर परांचा टॉर खुद्री, ज्याचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केलं होतं. सत्तरच्या दशकापासून याची पिल्लं कावेरीत सोडली गेली. ती तिथं फोफावली, नि उंच पाठीचा महसीर मागं पडत गेला. वाळू उपसा, धरणं, सुरुंग लावून मारलेले मासे ही कारणं आहेतच. पण वाचवायच्या खटाटोपात एका नदीचा मासा दुसरीच्या मुळावर आला, हे विसरून चालणार नाही. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे म्हणून राखलेले महसीर लोक चुरमुरे टाकून पाहायला जातात. ते तिथंच राहिलेत, म्हणून ठीक आहेत.

तुमचा धंदा कायद्यानं संपत गेला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि टॅक्सिडर्मिस्टला परवाना लागू लागला. ज्यांच्या घरात ट्रॉफ्या होत्या त्यांना जाहीर करून मालकीचा दाखला घ्यायचा होता. ज्यांचं राहून गेलं त्यांना २००३ मध्ये पुन्हा एकदा मुदत मिळाली. आता ती वस्तू विकता येत नाही, फक्त वारसानं पुढं जाते. २०२२ च्या दुरुस्तीनं तर दाखला असलेली ट्रॉफी स्वखुशीनं मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जमा करायची वाटही उघडली आहे. त्याचे पैसे मिळत नाहीत.

कला मात्र मेली नाही. २००९ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात टॅक्सिडर्मीचं केंद्र उघडलं. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातले शरीररचनेचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं. मुंबईच्या संग्रहालयातली भरलेली जनावरं पाहून त्यांना ओढ लागली आणि ते स्वतःच शिकत गेले. तिथं येतात ते प्राणिसंग्रहालयात म्हातारपणानं किंवा आजारानं मेलेले वाघ-सिंह. त्या वाघाला झेप घेत असल्याचं सोंग करायला कुणी सांगत नाही, कारण त्याला मारणारा कुणी गिऱ्हाईक नाही.

आणि तुमच्या काळातले जुने वाघ? त्यांना अलीकडं नवीनच काम लागलं आहे. २०१३ मध्ये एका अभ्यासात ब्रिटनच्या संग्रहालयांत असलेल्या, शिकारीच्या दिवसांतल्या भारतीय वाघांचे नमुने घेऊन त्यांतला डीएनए आजच्या वाघांशी ताडून पाहण्यात आला. आईकडून येणाऱ्या डीएनएचे जे प्रकार जुन्या वाघांत सापडले, त्यांतले ९३ टक्के आजच्या वाघांत दिसले नाहीत. वाघ किती मेले हे आपल्याला अंदाजानं माहीत होतं. वाघांमधलं काय काय मेलं, हे सांगायला असे मेलेले वाघच लागले. पण असा नमुना बोलका व्हायचा तर तो वाघ कुठल्या रानात, कुठल्या साली पडला हे ठाऊक हवं. नाहीतर ते नुसतं कातडं. तुमच्या नागरहोळेच्या रानात वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी नव्वदच्या दशकात कॅमेरे लावून पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायची पद्धत रुळवली. तिथले वाघ आज जिवंतपणी नंबर घेऊन हिंडतात. तुमच्याकडे नंबर मिळायला आधी मरावं लागे, पण नंबर तुम्ही देत होता, हे मी तुमच्या जमेला धरतो.

म्हणून तुमच्या गिऱ्हाइकांच्या मराठी वारसांना तुमच्या वतीनं निरोप देतो. घरात जुना वाघ किंवा बिबट्या असेल, दाखला असेल किंवा बापाकडून लाजेपोटी काढायचाच राहिला असेल, तरी तो जाळू नका, नदीत सोडू नका आणि कुणा दलालाच्या फोनला तर उत्तरच देऊ नका. वनखात्याला कळवा. देण्याआधी कातडं उलटं करून अस्तर पाहा, कवटीच्या आत पाहा. म्हैसूरचा शिक्का आणि क्रमांक असेल तर तो उतरवून घ्या, फोटो काढा. आजोबांच्या डायरीत, पत्रांत, जुन्या फोटोंच्या मागं गावाचं नाव आणि साल सापडलं तर तेही जोडा. आणि हात लावताना मोजे घाला. त्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून सर्रास सोमल, म्हणजे आर्सेनिक, वापरत, आणि सोमल जुना झाला म्हणून निरुपद्रवी होत नाही.

कळावे,

तुमचा वाघ कधीही विकत न घेतलेला,
एक वाचक